उचलठेव

सोलापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेत शेजारच्या वाड्यातला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका कंपनीत लागला. बारावी झालेला, घरची ओढाताण, त्यामुळे ‘हेल्पर’ म्हणून मिळाले ते काम त्याने धरले. दिवाळीला हुतात्मा एक्स्प्रेसने घरी आला तेव्हा मी विचारले, नेमके काम काय करतोस? म्हणाला, “सर्किट बोर्ड असतंय. मशिनमधी ठिवायचं, झाकण दाबायचं, हिरवा दिवा लागला की उचलायचं. बस्स, एवढंच की ओ काका.”

पुढच्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेला तो आला तो परत गेलाच नाही. त्याच्या जागी एक यंत्रहात बसवला होता आणि त्याचे कंत्राट पुढे वाढवले नव्हते. मी हळहळलो, तसा तो म्हणाला, “ते काम गेलं त्याचं काय नाही ओ. हात दुखायचा, डोकं बधिर व्हायचं. पण आता आत शिरायचं कुठनं?”

हा लेख त्या प्रश्नावर आहे. यंत्रमानव आला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, नोकऱ्या गेल्या, थांबवा. दुसरा म्हणतो, जुन्या गेल्या तरी नव्या येतील, घाबरू नका. त्या मुलाने दोन्ही सूर बाजूला ठेवून तिसरीच गोष्ट विचारली. त्याला ते काम परत नको होते. त्या कामामुळे कारखान्याचे जे दार उघडे राहत होते, ते बंद झाल्याचे त्याला दुःख होते. सोलापुरासारख्या गावाने हा प्रश्न इतरांच्या आधी समजून घ्यायला हवा, कारण या गावाने तो एकदा जगून पाहिला आहे.

आधी ते काम काय आहे, हे पाहू. मोबाइल, वीजमीटर, गाडीचे नियंत्रण, पंख्याचा रेग्युलेटर, सगळ्यांच्या पोटात सर्किट बोर्ड असते. ते ज्या लाइनवर तयार होते तिच्या एका टोकाला कोरी बोर्डे चढतात. त्यांवर डाखाची लुकण छापली जाते, पुढचे यंत्र तिळाएवढे आणि तिळाहूनही लहान भाग ताशी हजारोंच्या वेगाने मांडते, मग बोर्डे भट्टीतून जातात. शिसे नसलेला डाख 217 अंशांना वितळतो, म्हणून भट्टीचे तापमान त्याहून वीसतीस अंश वर नेतात. नंतर कॅमेऱ्याची तपासणी, विजेची चाचणी, पेटीत भरणी. ही सगळी यंत्रे अतिशय हुशार असतात, पण यंत्र आणि यंत्र यांच्या मधल्या जागेत बराच काळ माणूसच उभा होता. इथून उचल, तिथे ठेव. चाचणीच्या फिक्स्चरमध्ये स्प्रिंगवरच्या शेकडो सुया वर तोंड करून उभ्या असतात. बोर्ड त्यांच्यावर नेमके बसवायचे, झाकण दाबायचे, निकाल आला की पास इकडे आणि फेल तिकडे. अर्ध्या मिनिटाला एक बोर्ड धरले तर तासाला 120 होतात. जेवणाची सुटी वगळून साडेसात तासांचे 900. प्रत्येक बोर्ड एकदा ठेवायचे आणि एकदा उचलायचे, म्हणजे एका पाळीत अठराशे वेळा तोच हात, तोच खांदा, तीच मान.

आणि एवढे करूनही माणसाचा हात या कामाला योग्य नाही, हे मान्य करायला हवे. बोर्ड एका कोपऱ्याला धरून उचलले की किंचित वाकते, आणि त्या वाकण्याने त्यावरच्या सिरॅमिक कपॅसिटरला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. चाचणीत ते पास होते आणि सहा महिन्यांनी कुणाच्या तरी घरी बंद पडते. अंगावरची स्थिर वीज हा दुसरा शत्रू. साधारण तीन हजार व्होल्टच्या खाली असेल तर तिचा चटका माणसाला जाणवतही नाही, पण काही नाजूक भाग शंभराच्या आतच मरतात. म्हणून मनगटाला पट्टा बांधतात आणि त्यातून दहा लाख ओहमच्या रोधकामार्फत ती वीज जमिनीत सोडतात. तो पट्टा बांधून माणूस आठ तास यंत्राशी जखडलेला असतो. यंत्रहाताला हे सोसावे लागत नाही. तो बोर्डाला कडेने धरतो किंवा भोके नसलेल्या जागी रबरी वाटीने हवा खेचून उचलतो. प्रत्येक वेळी तेवढ्याच दाबाने उचलतो, आणि पाळीच्या शेवटच्या तासातही पहिल्या तासाइतकाच सावध असतो.

यातली बरीच यंत्रे आपण समजतो तेवढी गहन नाहीत. लाइनच्या तोंडाशी असणारा लोडर म्हणजे पन्नासेक खाचांचे एक उभे कपाट, ते पायरीपायरीने वर-खाली करणारा एक स्क्रू आणि बोर्डाला मागून हलकेच ढकलणारा हवेच्या दाबावरचा दट्ट्या. शेजारची दोन यंत्रे एकमेकांशी दोनच वाक्ये बोलतात. एक म्हणते, माझ्याकडे बोर्ड तयार आहे. दुसरे म्हणते, मला घ्यायला जागा आहे. दोन्ही वाक्ये जुळली की पट्टा फिरतो. यंत्रहात असेल तर बहुधा स्कारा जातीचा, जपानमध्ये यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी 1978 मध्ये ज्याचा पहिला नमुना उभा केला. त्याचे सांधे दाराच्या बिजागरीसारखे आडवेच फिरतात. त्यामुळे तो वरून खाली ताठ राहतो आणि बाजूला थोडा लवचीक, म्हणजे खाचेत वस्तू बसवायला अगदी हवा तसा. हे मी मुद्दाम सांगतो आहे. ज्या गावात मागाच्या धोट्याचा ठोका ऐकून बिघाड ओळखणारे जॉबर होते, त्या गावाला हे यंत्र कळणार नाही असे कुणी म्हणू नये.

यंत्रमानवाचा जन्मच मुळी उचलठेवीसाठी झाला. जॉर्ज डेव्हॉल यांनी 1954 मध्ये अमेरिकेत ज्या पेटंटसाठी अर्ज केला आणि जे त्यांना 1961 मध्ये मिळाले, त्याच्या नावात ‘रोबो’ हा शब्दच नाही. ठरवून दिल्याप्रमाणे वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, एवढाच त्या नावाचा अर्थ. 1961 मध्येच जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात त्यांचे ‘युनिमेट’ कामाला लागले. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवायचे, हे त्याचे काम. लोकांच्या कल्पनेतला यंत्रमानव बुद्धिबळ खेळतो, बोलतो, भांडतो. कारखान्यातला यंत्रमानव पहिल्या दिवसापासून हमाल आहे. त्याने आधी कारागिराची जागा घेतली नाही. हेल्परची घेतली.

सोलापुराला ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. 1877 मध्ये मोरारजी गोकुळदासांनी इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी केली, जिला आजही लोक ‘जुनी मिल’ म्हणतात. मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा मिल आल्या. माझे आजोबा तेराव्या वर्षी जुन्या मिलच्या रिंग खात्यात लागले ते डॉफर म्हणून. रिंग फ्रेमवर शेकडो चात्या एकाच वेळी फिरतात, सुताने बॉबिन भरतात. भरल्या की यंत्र थांबते. मग ही पोरे धावत जाऊन भरलेल्या बॉबिन उपसायची, रिकाम्या बसवायची आणि यंत्र पुन्हा सुरू. दिवसभर हेच. त्या कामालाही तेव्हा कुणी कौशल्य म्हणत नसे, आणि म्हणूनच ते पोरांना देत. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. कायद्याला एवढे सांगावे लागले, यावरून त्याआधीची अवस्था समजावी.

त्या बालमजुरीचे गोडवे मी गाणार नाही. आजोबांच्या बोटांची सालपटे निघायची, आणि ते त्याबद्दल शेवटपर्यंत कडू बोलत. पण त्यांच्या आठवणीत आणखी एक गोष्ट असायची. यंत्र सुरू असतानाच्या मोकळ्या वेळात त्यांनी तुटलेला धागा सांधायला शिकून घेतले. सांधता येते म्हटल्यावर एक बाजू सांभाळायला मिळाली. बाजू सांभाळता सांभाळता कोणती चाती कुरकुरते, कुठे पट्टा सैल झाला, हवेत ओल कमी झाली की सूत का तुटते, हे कळू लागले. चाळिशीत ते जॉबरच्या हाताखाली फिटिंग करत होते. कुणीही त्यांना शिकवायला बसले नव्हते. ते फक्त आत होते आणि डोळे उघडे होते. डॉफरच्या कामाने त्यांना काहीच शिकवले नाही. डॉफरच्या जागेने शिकवले.

यंत्रमानवाच्या चर्चेत काम आणि जागा यांतला हा फरक हरवतो. उचलठेवीचे काम क्षुद्र असेल, पण ते ज्या जागी उभे राहून करायचे ती जागा मोलाची होती. बारावी झालेल्या पोराला चाचणीयंत्राच्या शेजारी उभे राहण्याचा परवाना त्या कामामुळेच मिळत असे. काम यंत्राला दिले की जागाही जाते, आणि कंपनीच्या हिशेबात जागेची किंमत कुठेच लिहिलेली नसते.

मराठीत ‘उचल’ म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आणि ‘ठेव’ म्हणजे साठवलेले. ऊसतोडीला जाणारा माणूस उचल घेतो आणि हंगामभर ती फेडतो. कारखान्यातल्या उचलठेवीतही अशीच फसगत असते. मजूर आपला खांदा, आपली मान, आपली पंचविशीतली वर्षे उचल म्हणून देतो. त्याची ठेव मात्र कुठे जमत नाही. आजोबांची जमली, कारण वर चढायला पायऱ्या होत्या. शेजारच्या मुलाची जमली नाही. दोन वर्षांनी तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात अनुभवाचा एक कागद होता आणि त्यावर ‘हेल्पर’ एवढेच लिहिले होते.

पायऱ्या आपोआप राहत नाहीत, हेही कापडाच्या धंद्यानेच दाखवले आहे. 1890 च्या दशकात अमेरिकेतल्या ड्रेपर कंपनीने जेम्स नॉर्थ्रॉपचा माग बाजारात आणला. धोट्यातली कांडी संपली की माग न थांबता नवी कांडी आपोआप आत जायची. विणकराचे कांडी बदलण्याचे काम संपले आणि एकेका विणकराकडे आठाऐवजी सोळा आणि त्याहून जास्त माग आले. पण त्या मागाला बाजूला एक फिरती चकती होती आणि तिच्यात कांड्या भरून ठेवाव्या लागत. त्या कुणी भरायच्या? त्यासाठी कमी मजुरीची वेगळी माणसे नेमली गेली. म्हणजे यंत्राने वरच्या माणसाची उचलठेव काढून घेतली आणि ती खालच्या माणसाच्या गळ्यात घातली. फक्त भरणे, दिवसभर भरणे. तिथून विणकर होण्याची वाट पूर्वीपेक्षा अवघडच झाली असणार. यंत्र कसे येते यापेक्षा त्याच्याभोवती कामाची वाटणी कशी होते, हे पाहिले पाहिजे असे मला वाटते ते यामुळे.

मग यंत्र थांबवावे का? सोलापूरला याचेही उत्तर माहीत आहे. पूर्व भागात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. तेंदूपत्ता भिजवायचा, पत्रीने कापायचा, जर्दा भरायचा, वळायची, दोरा बांधायचा, तोंड मोडायचे. हजार विड्यांमागे मजुरी. या धंद्यात यंत्र आलेच नाही असे म्हटले तरी चालेल. हातविडीला संरक्षण मिळावे म्हणून यंत्रविडीवर जास्त अबकारी कर ठेवण्याचे सरकारचे धोरण अनेक वर्षे राहिले. हात वाचले. पण त्या हातांचे काय झाले? आई वळायची, मुलगी वळते. पाठ वाकते, छातीत जर्द्याची धूळ साचते, आणि चाळीस वर्षे वळणारी बाई चाळीस वर्षांनंतरही वळणारीच राहते. वळण्याच्या पुढे पायरीच नाही. 1966 चा विडी कामगार कायदा आला, 1976 चा कल्याण निधी आला. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली या बायकांनी लढून कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत मिळवली आणि मग तीस हजार घरांच्या रे नगरासाठी झगडा केला. तिथल्या 15,000 घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये हाती आल्या. जे मिळाले ते संघटनेने मिळवून दिले. यंत्र न आल्याने त्यांना काहीही मिळाले नाही.

मिलचेही तसेच. मिल यंत्रांनी खाल्ल्या असे आमच्या गावात अजून बोलले जाते, पण जुनी मिल 1949 च्या ऑगस्टमध्ये बंद पडली ती गैरकारभाराने. केंद्र सरकारने 1950 च्या जानेवारीत वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. वकिलीचे विद्यार्थी आजही घटनेचा अभ्यास करताना सोलापूरच्या या मिलचे नाव वाचतात. पुढे एकेक धुरांडे विझत गेले तेव्हा आतली यंत्रे जुनी होती. ती नवी झाली म्हणून कुणाला घरी पाठवलेले नव्हते. तेव्हा यंत्राला शत्रू मानून सोलापूरचे भले होणार नाही. बोर्ड हाताने चढवायचा हट्ट धरणारी कंपनी उद्या बाजारातून जाईल, आणि तिच्याबरोबर उरलेली माणसेही जातील.

आता दुसरा सूर. नवी कामे येतील, असे तो सांगतो. येतातही. रांजणगावला 297 एकरांवर इलेक्ट्रॉनिक्सचा समूह उभारण्याची घोषणा 2022 मध्ये झाली. 2025 च्या मार्चमध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक भागांच्या उत्पादनासाठी 22,919 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिच्यात बहुथरी सर्किट बोर्डेही आहेत. टाटा मोटर्सच्या ‘टाल’ या कंपनीने 2017 मध्ये ‘ब्राबो’ हा यंत्रहात आणला तो छोट्या उद्योगांना परवडावा म्हणून, पाच ते सात लाखांत. म्हणजे यंत्रहात हा आता बड्या कंपन्यांचाच विषय राहिलेला नाही. बजाज ऑटोने 2010 पासून माणसाशेजारी काम करू शकणारे कोबॉट घ्यायला सुरुवात केली आणि त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. चाकणला माणसे आणि कोबॉट एकाच लाइनवर आहेत, माणसे हद्दपार झालेली नाहीत. हे उदाहरण मला आशा देते.

पण त्याच आशेने मी विचारतो, नवी कामे कुणाला मिळतात? यंत्रहात बसवणारा, त्याला कुठे थांबायचे तो बिंदू शिकवणारा, कॅमेरा जुळवणारा माणूस बहुधा पुण्याचा पदविकाधारक किंवा अभियंता असतो. आमचा मुलगा आणि तो अभियंता यांच्यामध्ये चार पायऱ्या आहेत आणि खालच्या दोन नाहीशा झाल्या आहेत. ‘नोकऱ्या तेवढ्याच राहतील’ हे वाक्य खरे ठरले तरी त्याचा या मुलाला उपयोग नाही. केंद्राच्या नव्या योजनेत प्रोत्साहनाचा काही भाग रोजगाराच्या उद्दिष्टाशी जोडला आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण नुसती डोकी मोजून भागत नाही. हेल्पर म्हणून लागलेला माणूस तीन वर्षांनी कुठे आहे, हेही मोजले पाहिजे.

इथे महाराष्ट्राकडे स्वतःचा असा एक अनुभव आहे, आणि यंत्रमानवाच्या चर्चेत तो कुणी काढत नाही याचे मला नवल वाटते. उचलठेवीसाठी खास कायदा करणारे हे राज्य आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांतले हमाल संघटित केले आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. माल चढवणे, उतरवणे, रचणे, वाहणे, तोलणे, ही कामे त्या कायद्यात नावानिशी आहेत. त्याची रचना साधी आहे. हमालाला आज हा मालक, उद्या तो. म्हणून कायद्याने मालकाऐवजी मंडळ मध्यभागी आणले. मालक मजुरी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार सांभाळते. ज्याच्या कामाला कायमचा मालक नाही त्याच्याही नावावर काहीतरी जमत राहावे, हा त्यामागचा विचार. उचलीच्या कामाला ठेवीची जोड देणारा हा कायदा आहे.

हाच विचार पुढे का नेऊ नये? जी कंपनी सरकारी प्रोत्साहन घेते आणि उचलठेवीच्या जागी यंत्रहात बसवते, तिने त्या यंत्रणेच्या किमतीचा एक छोटा हिस्सा मंडळात भरावा. त्या पैशातून हेल्पर म्हणून काम केलेल्यांना आणि नव्याने येणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलांना त्याच यंत्राशेजारी पगारी शिकाऊ म्हणून सहा-आठ महिने उभे करावे. रबरी वाटी झिजली की बदलणे, संवेदक पुसून जुळवणे, हवेचा दाब पाहणे, दोन यंत्रांमधला संदेश कुठे अडला ते शोधणे, शेवटी हाताला नवा बिंदू शिकवणे. लोडरची ती दोन वाक्ये समजायला अभियंता व्हावे लागत नाही. विजापूर रस्त्यावरच्या आमच्या शासकीय आयटीआयमध्ये किंवा गावातल्या एखाद्या तंत्रनिकेतनात असा एक सेल उभा करणे अशक्य नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा तर आपल्याकडे 1961 पासून आहे. युनिमेट न्यू जर्सीत कामाला लागले त्याच वर्षी आपल्या संसदेने तो मंजूर केला. उचलणारे यंत्र आणि शिकवणारा कायदा एकाच वर्षाचे आहेत. साठ वर्षे त्यांची गाठ कुणी घालून दिली नाही.

यावर आक्षेप येईल की हा यंत्रमानवावरचा कर झाला आणि उद्योग शेजारच्या राज्यात जातील. माझे म्हणणे एवढेच की प्रोत्साहन जनतेच्या पैशातून मिळते, तर त्यातली एक पायरी जनतेच्या पोरांसाठी राखावी. यंत्रावर कर लावला तर यंत्र महाग होते. शिकाऊ माणूस ठेवला तर त्याच कंपनीला दुरुस्तीचा माणूस मिळतो, रात्रपाळीत लाइन थांबली तर पुण्याहून कुणी येईपर्यंत वाट पाहावी लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते, अशा तक्रारी औद्योगिक वसाहतींतून होत आल्या आहेत, आणि त्या नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून हा पैसा कोणत्याही टोळीच्या हाती न जाता थेट शिकणाऱ्याच्या खात्यावर आणि त्याच्या नावाच्या कौशल्यवहीत जमा व्हावा. तो कंपनी सोडून गेला तरी वही त्याच्याबरोबर जावी. पुढच्या कंपनीने पहिले पान उघडले की तिथे ‘हेल्पर’ एवढाच शब्द दिसू नये.

‘अकुशल’ हा शब्दही मला सोडवत नाही. सरकारी कागदात शेजारचा मुलगा अकुशल आहे, आजोबा अकुशल म्हणूनच लागले होते. पण ज्यांना अकुशल म्हणतात त्यांच्याकडे काय जाण असते, हे सर्किट बोर्डच दाखवते. सर्किट बोर्डाशी सोलापूरचा काय संबंध, असे मला एका परिचितांनी विचारले होते. सांगतो. बोर्डाचा हिरवा किंवा पिवळसर पत्रा मुळात विणलेले कापड असतो. काचेच्या तंतूंचे सूत मागावर विणतात, ते कापड राळेत भिजवतात, थरावर थर रचून उष्णतेत दाबतात. फार वापरल्या जाणाऱ्या एका कापडाचा क्रमांक 7628. त्यात इंचाला ताण्याचे साधारण 44 आणि बाण्याचे 31-32 धागे असतात. त्याच्या आठ थरांचा मिळून नेहमीचे 1.6 मिलिमीटरचे बोर्ड तयार होते. ताणा आणि बाणा सारखे नसले किंवा थर रचताना दिशा चुकली तर बोर्ड भट्टीत वाकते. आयपीसी या संस्थेच्या मानकानुसार अशा बोर्डाचे वाकणे लांबीच्या 0.75 टक्क्याच्या आत हवे, म्हणजे 200 मिलिमीटरला दीड. त्याहून जास्त वाकले की यंत्रहाताची वाटी पकड घेत नाही आणि लोडरच्या खाचेत बोर्ड अडकते. बोर्डाच्या लाइनवर हवेतली ओल सांभाळतात ती स्थिर विजेसाठी. आमच्या मिलमध्ये ती सांभाळत ती धाग्यासाठी. मे महिन्यात सोलापूरची हवा किती कोरडी होते आणि त्याने सूत कसे वागते, हे इथल्या म्हाताऱ्यांना कुणी पुस्तकातून सांगितलेले नाही.

गड्ड्याच्या त्या यात्रेच्या दिवसांत शेजारच्या मुलाने बाद झालेले एक बोर्ड मला दाखवायला आणले होते. आमच्याकडे तेव्हा एक निवृत्त विणकर बसले होते, चादरीच्या मागावर आयुष्य काढलेले. त्यांना गल्लीत सगळे तात्या म्हणतात. तात्यांनी ते बोर्ड घेतले आणि खिडकीच्या उजेडात धरले. जिथे तांबे नव्हते तिथे वीण दिसत होती. खिशातून धागे मोजायची काच काढून ते बराच वेळ पाहत राहिले.

“ताणा दाट हाय, बाणा इरळ,” ते म्हणाले. “हे एकाच अंगानं ओढ खाणार.”

मुलगा पुढे सरकला. “व्हय तात्या, काही काही बोर्ड सुयांवर बसायचेच नाहीत. मधनं दाबावं लागायचं. सगळे एकाच अंगानं वाकलेले असायचे.”

“मग सांगितलंस का कुणाला?”

“कुणाला सांगू ओ? हेल्परला कोण विचारतंय.”

तात्यांनी काच पुन्हा डोळ्याला लावली आणि त्याला म्हणाले, “ये इकडं, बस. आधी ताणा कुठला ते ओळख.”